आधी फेटा, मग निवड

योग्यकार्ता,
२ एप्रिल २०२५

प्रिय काका,

तुम्हाला एक नमस्कार आणि काकूला दोन, कारण तुमच्याबरोबर संसार करणं सोपं नाही.

ईद झाली. महिनाभराचे रोजे संपले आणि इथली सगळी माणसं आपापल्या गावी गेली आहेत. रस्त्यावर कधी नव्हे ती शांतता आहे. म्हणून निवांत लिहायला बसले. नेहमीसारखंच हातानं लिहून पानांचे फोटो तुमच्या मोबाईलवर पाठवते. टाइप केलेलं पत्र तुम्हाला रेल्वेच्या सर्क्युलरसारखं वाटतं ना, म्हणून हा खटाटोप.

काका, बाबांच्या बँकेतल्या बदल्यांमुळे मला तुमच्या लोणावळ्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये ठेवलं नसतं, तर मी आज बँकेतच चिकटलेली असते. एम.ए. झाल्यावर मी इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यलढ्यावर काम करणार म्हटलं, तेव्हा पुण्यातल्या सरांनी चष्मा काढून विचारलं होतं, "आपल्याकडचे गड संपले का?" लोहगडाच्या सावलीत वाढलेल्या मुलीनं जावा बेटावरच्या रेल्वे कामगारांचा इतिहास लिहायचा, हे त्यांच्या पचनीच पडेना. बाबांनी तर बँकेच्या परीक्षेचा फॉर्म पुढे केला होता. तुम्ही एकट्यानं विचारलंत, "तिथं रेल्वे आहे ना? मग जा."

गेले. वर्षभराची शिष्यवृत्ती, मग भाषा, मग पीएच.डी., आणि त्यानंतर दर जूनला नव्यानं सही करायची ती कंत्राटी नोकरी. दोन पुस्तकं झाली. पहिलं कोणी वाचलं नाही. दुसरं, रेल्वेवाल्यांचं, निदान रेल्वेवाल्यांनी तरी वाचलं. आता यंदा इथल्या विद्यापीठानं आधुनिक इतिहासाची एक कायमची प्रोफेसरची जागा काढली. बाहेरच्या देशातल्या माणसालाही अर्ज करता येईल म्हणाले. मी केला. ईदच्या सुट्टीआधी निवड समितीची बैठक झाली आणि काका, माझं नाव निघालं!

(पान दुसरं)

थांबा. लगेच चप्पल घालून बाहेर पडू नका. नाव निघालं ते शेवटच्या दोघांत. दुसरा उमेदवार इथलाच आहे, हुशार आहे आणि माणूसही चांगला आहे, त्यामुळे त्याचा राग करायचीही सोय नाही. वीस मे रोजी आम्ही दोघांनी भरसभेत, इथल्या भाषेत व्याख्यान द्यायचं. त्यानंतर समिती ठरवणार.

झालं नाही, तर जूनमध्ये कंत्राटही संपेल आणि नवं मिळणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलंय. मग तळेगावला येऊन दहावीच्या शिकवण्या. शिकवण्यांना मी नावं ठेवत नाही, पण तिकडे या रेल्वेवाल्यांबद्दल मला कोण विचारणार? इतकी वर्षं ज्या माणसांबरोबर काढली, ती माझ्यापुरती तिथंच संपतील. त्याची मला भीती वाटते.

म्हणून वीस तारखेपर्यंत कोणाला सांगू नका. काकूला आणि वल्लरीला सांगा. अंबाजीकाकांना मुळीच नको. त्यांना सांगितलं म्हणजे त्यांच्या गावात, नवलाख उंबऱ्यात, दवंडी पिटल्यासारखं आहे.

उद्यापासून दहा दिवस सेमारांगला चाललेय, तिथल्या जुन्या रेल्वे कचेरीतले कागद बघायला; सुट्टीतही उघडून देतो म्हणालेत. फोनवर फारशी सापडणार नाही.

तुमची,
अरू


लोणावळा,
३ एप्रिल

प्रोफेसरीणबाई,

आशीर्वाद, आशीर्वाद आणि आशीर्वाद!

पत्र आलं तेव्हा मी बाजारात होतो. कोथिंबिरीची जुडी काखेत धरून तिथंच उभ्या उभ्या वाचलं. पहिलं पान संपेपर्यंत डोळे असे भरून आले की पुढचं अक्षर दिसेना. म्हटलं, राहिलेलं घरी जाऊन सावकाश वाचू. मुख्य गोष्ट तर कळली.

अगं, मी काय म्हणत होतो? "तिथं रेल्वे आहे ना" म्हणालो तेव्हा सगळे हसले होते मला. आता हसा म्हणावं!

तेवढ्यात समोरून अंबाजी आला. घाटातल्या चढाला गाडीला मागून रेटा देणाऱ्या इंजिनावर आयुष्यभर माझ्या शेजारी उभा राहिलेला माणूस तो. माझं तोंड बघून म्हणाला, "काय झालं त्र्यंबकभाऊ? घरी समदी बरी हायेत न्हवं?" आता डोळ्यांत पाणी घेऊन त्याला काय कोथिंबिरीचा भाव सांगू? तो आत्ता मला त्याच्या गावी न्यायला खाली गाडी चालू ठेवून हॉर्न मारतोय. सविस्तर नंतर लिहितो.

काकू देवापाशी साखर ठेवते आहे.

तुझा अत्यंत आनंदी,
काका


योग्यकार्ता,
१३ एप्रिल

प्रिय काका,

सेमारांगहून काल परतले आणि तुमचं पत्र वाचून घाम फुटला. काका, तुम्ही दुसरं पान वाचलंत का? नसेल तर हे पत्र इथंच बंद करा, ते वाचा आणि मग पुढे या.

वाचलंत? आता खरं सांगा, अंबाजीकाकांना काय सांगितलंत?

बाकी इथं सगळं सुरळीत आहे. समितीत डॉ. सुबाग्यो म्हणून फार मोठे अभ्यासक आहेत. त्यांनी माझ्या पुस्तकावर चांगलं लांबलचक टिपण लिहिलं आहे. इतकं बारकाईनं मला आजवर कोणी वाचलं नव्हतं. व्याख्यानाची तयारी जोरात आहे, काळजी करू नका. काकूला सांगा, भात रोज जेवते आणि पोळीची आठवण रोज काढते.

तुमची,
अरू


लोणावळा,
१६ एप्रिल

चि. अरू,

दुसरं पान ना? अगं वाचलं की. रेल्वेत एवढी वर्षं काढलेला माणूस सिग्नल न बघता गाडी पुढे नेईल का?

अंबाजीला आपलं असंच, जुजबी सांगितलं. तू मन लावून अभ्यास कर. इकडच्या गोष्टींत लक्ष घालू नकोस. इकडे गोष्टीच नाहीत.

एक-दोन शंका मात्र आहेत. त्या समितीत माणसं किती? त्यांना जेवायला बोलावण्याची पद्धत आहे का? हे सुबाग्यो तुझ्या बाजूचे दिसतात, त्यांना काकूच्या हातचा गोडा मसाला पाठवू का? आणि समजा, म्हणजे फक्त समजा हं, एखाद्या कार्याच्या बाबतीत एखादी गोष्ट थोडी आधी होऊन गेली, तर शास्त्रात त्याला काही... जाऊ दे.

माझा गुडघा धरला आहे, त्यामुळे हल्ली बाजारात जात नाही.

तुझा,
काका


तळेगाव,
२७ एप्रिल

अरूताई,

तू आणि आमचे बाबा पत्रांत एकमेकांना काय थापा मारत असाल याची मला कल्पना आहे. म्हणून मी खरं लिहिते. आधी बस कुठंतरी.

बाबांचा गुडघा ठणठणीत आहे. त्यांनी तुझ्या पत्राचं पहिलं पान अंबाजीकाकांना दाखवलं, त्यांच्या पप्पूला दाखवलं, क्वार्टरच्या काळातल्या सगळ्या ड्रायव्हर मंडळींना दाखवलं. इतक्यांदा दाखवलं की दुसरं पान उघडायचं राहूनच गेलं. हनुमान जयंतीला नवलाख उंबऱ्याच्या जत्रेत तुझा सत्कार झाला. हो, तुझाच. तू नव्हतीस म्हणून बाबांनी तो तुझ्या वतीनं स्वीकारला. कुस्त्यांच्या आखाड्यात, दोन कुस्त्यांच्या मध्ये. फेटा, शाल, श्रीफळ, हलगी. बाबांनी भाषणही ठोकलं. अर्धं तुझ्यावर आणि अर्धं इंजिनावर.

आणि नवलाख उंबऱ्याच्या फाट्यावर फ्लेक्स लागलाय. पप्पूनं केलाय, चांगला दहा-पंधरा फुटी. तुझा फोटो त्याच्या बहिणीच्या, कोमलच्या लग्नातला आहे. कोमलला कापलंय, पण तिची वेणी तुझ्या खांद्यावर राहिली आहे. मजकूर असा: "मावळची कन्या प्रा. डॉ. अरुंधती यांची इंडोनेशियाच्या सर्वोच्च प्रोफेसरपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" खाली शुभेच्छुक, गॉगलसकट.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं. बाबांनी ते वाचलं, मग जुनं पत्र काढून दुसरं पान वाचलं. फेटा अजून टेबलावरच होता. त्याच्याकडे बघत बसले आणि जेवले नाहीत. तेव्हापासून घराबाहेर पडलेले नाहीत. आई म्हणाली, "अहो, खून केलाय का तुम्ही?" तर म्हणाले, "पोरीचं झालं नाही, तर ती या फाट्यावरनं कशी जाईल गं?"

मी अंबाजीकाकांना फोन करून खरं काय ते सांगितलं आणि फ्लेक्स उतरवायला सांगितला. "बरं बरं, बगतो" म्हणाले. पण काल कंपनीच्या बसमधून जाताना पाहिलं, तर अजून तिथंच आहे. जत्रा उरकली, आता कोणाला वेळ आहे?

बाबांना तू चार शब्द सुनाव, नाहीतर समजूत घाल. मला दोन्ही जमेना.

वल्लरी


योग्यकार्ता,
३० एप्रिल

प्रिय वल्लरी,

पहिल्यांदा वाचलं तेव्हा संताप आला. असा संताप आला की काकांच्या त्या फेट्यासकट सगळ्यांना घाटाखाली ढकलून द्यावंसं वाटलं. अगं, इथं माझा जीव टांगणीला लागलाय आणि तिकडे हलगी वाजतेय!

आता माझी थाप ऐक. सुबाग्यो माझ्या बाजूचे नाहीत. त्यांच्या त्या लांबलचक टिपणाचा मथितार्थ असा: ही बाई परकी आहे. देश घडवला तो पुढाऱ्यांनी, घोषणेनं आणि वाटाघाटींनी. रूळ ठोकणाऱ्यांना आणि कोळसा टाकणाऱ्यांना राष्ट्र म्हणजे काय ते काय कळत होतं? त्यांचा इतिहास म्हणजे किस्से. ते टिपण वाचून मी खचले. त्यांना उत्तर देण्यासारखे कागद माझ्याकडे आहेत, पण उत्तरच सुचत नव्हतं. काल रात्री माघार घेत असल्याचं पत्र लिहून ठेवलं होतं. सकाळी पाठवणार होते.

तेवढ्यात तुझं पत्र आलं. चिडून झालं, मग कोमलच्या वेणीपाशी आले आणि हसू फुटलं. इतकी हसले की शेजारची बाई काय झालं ते बघायला आली. तिला सांगायला लागले, की माझ्या काकांनी निवड व्हायच्या आधीच निवड झाल्याचं जाहीर केलं, मोठ्या अक्षरांत लिहून रस्त्यावर लावलं. आणि बोलता बोलता मी थांबले.

वल्लरी, या देशानं अगदी हेच केलं होतं! सतरा ऑगस्ट १९४५ ला यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं तेव्हा जपानी सैन्य इथंच होतं, डच परत यायच्या तयारीत होते आणि मान्यतेचा पत्ता नव्हता. डचांनी सत्ता सोडली ती १९४९ च्या डिसेंबरात. मधली चार वर्षं स्वातंत्र्य कुठं होतं? रेल्वेवाल्यांनी ते डब्यांवर रंगवलं होतं. 'मर्देका', म्हणजे स्वतंत्र. ज्या गावाला बातमी नव्हती, त्या गावानं ती डब्यावर वाचली. हे मी पुस्तकात लिहिलंय, दोन ओळींत, आणि पुढे गेलेय. त्याचा अर्थ मला आज कळला. तुझ्या बाबांमुळे, आणि हे त्यांना कळलं तर आपली धडगत नाही.

माघारीचं पत्र फाडलं. काकांना यातलं काही सांगू नकोस. थोडे दिवस घरात बसू देत. त्यांनी मला घामाघूम केलंय, थोडी शिक्षा पाहिजेच.

अरूताई


योग्यकार्ता,
२२ मे

प्रिय काका,

यावेळी पहिल्याच ओळीत लिहिते, म्हणजे पानांची भानगड नको. झालं! मी प्रोफेसर झाले. कायमची. आज दुपारी समितीनं कळवलं. आता बसा, पाणी प्या आणि पुढचं सगळं वाचा.

मला सगळं माहीत आहे. जत्रा, फेटा, फाटा, सगळं. वल्लरीवर चिडू नका. आणि आता माझ्यावरही चिडू नका, कारण मी परवा तुमची गोष्ट भरसभेत सांगितली.

सभागृह गच्च भरलं होतं. वीस मे हा इथं राष्ट्रीय जागृतीचा दिवस असतो, त्यामुळे विद्यार्थी होते, पेपरवाले होते, रेल्वेचे निवृत्त कर्मचारीही गणवेशाचे जुने कोट घालून आले होते. पहिल्या रांगेत सुबाग्यो. त्यांच्या त्या टिपणात माझं कौतुक नव्हतं काका, माझी कातडी सोलली होती. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही मसाल्याच्या पुड्यासकट विमानात बसला असतात.

मी सुरुवातच केली: "माझे काका घाटात रेल्वे इंजिन चालवायचे. गेल्या महिन्यात त्यांनी माझी या पदावर निवड झाल्याचं जाहीर केलं." सगळे चमकले. समितीचे अध्यक्ष तर खुर्चीत सरसावून बसले. मग मी वल्लरीकडून मागवलेला फ्लेक्सचा फोटो पडद्यावर दाखवला, वेणीसकट. काका, हशा असा उसळला की मला दोन मिनिटं थांबावं लागलं. ते रेल्वेवाले म्हातारे तर एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते.

हसू ओसरल्यावर मी म्हटलं, "माझे काका चुकले. पण १९४५ साली जगाचा नकाशा बघून कोणीही म्हटलं असतं, की तुमचे आजोबाही चुकले. जे अजून झालं नव्हतं, ते त्यांनी डब्यांवर रंगवलं. विचारतात, की त्यांना राष्ट्र म्हणजे काय ते कळत होतं का. मला वाटतं, लिहिताना कदाचित पूर्ण कळत नसेल. पण एकदा लिहिल्यावर ती गाडी रोज चालवायची होती. दुसऱ्या दिवशी कोणी डेपोच्या किल्ल्या मागायला आला, तर द्यायच्या की नाही हे ठरवायचं होतं. जे जाहीर केलं, ते खरं करून दाखवायची जबाबदारी त्यांनी घेतली. राष्ट्र कळलं ते तिथं." आणि मग एकामागून एक कागद काढले. कोणी इंजिन लपवलं, कोणी डेपो राखला, कोणी पगाराशिवाय गाड्या चालवल्या. ज्यांची नावं कधी कोणी घेतली नव्हती, ती त्या सभागृहात घेतली.

प्रश्न विचारायला सुबाग्यो उठले. म्हणाले, "आणि तुमची निवड झाली नाही, तर तुमचे काका काय करतील?"

मी म्हटलं, "त्यांना फार लाज वाटेल. मला वाटणार नाही. त्यांनी माझ्यावर इतका विश्वास ठेवला याची लाज मला कशी वाटेल?"

हे तयारी करून आलेलं वाक्य नव्हतं काका. आपसूक तोंडातून निघालं. टाळ्या कोणी सुरू केल्या ते दिसलं नाही, पण ते कोटवाले म्हातारे उभे राहिले होते, आणि मग सगळं सभागृह उभं राहिलं.

निवड एकमतानं झाली. सुबाग्योंनीही मत दिलं. बाहेर भेटले तेव्हा म्हणाले, "माझं मत बदललेलं नाही, अजून पटलेलं नाही मला. पण उरलेलं आयुष्य भांडायला तुमच्यासारखं माणूस दुसरं मिळणार नाही." याहून मोठा सत्कार माझा कोणी केला नाही. तुमचा सोडून.

आता बाहेर पडा घरातून. जा आणि हवं त्याला सांगा.

तुमची,
प्रोफेसर अरू


लोणावळा,
२६ मे

प्रिय प्रोफेसर अरू,

तुझ्या पत्राची दोन्ही पानं वाचली. मग काकूला वाचून दाखवलं. मग तिनं माझ्या हातातून मोबाईल घेऊन स्वतः वाचलं, कारण तिचा आता माझ्या वाचनावर विश्वास नाही. "तुमचा सोडून" तिथं आल्यावर ती आत निघून गेली. डोळे पुसत होती, पण मी पाहिलं असं तिला सांगू नकोस.

मग मी शर्ट घातला आणि बाहेर पडलो. पण अरू, माझी काय पंचाईत झाली माहीत आहे? चिक्कीवाल्याला म्हटलं, "आमच्या पोरीची निवड झाली!" तो म्हणाला, "जुनी झाली की हो काका ती बातमी, पेढे खाऊन विसरलो." सलूनमध्ये सांगितलं, तिथंही तेच. स्टेशनवरच्या मंडळींनी तर मला फॅनखाली बसवून पाणी दिलं, उन्हानं माझ्या डोक्यावर परिणाम झाला असं समजून. बातमी खरी झाली आणि ऐकायला माणूस उरला नाही! पोटात नुसता फुगा झाला होता.

शेवटी नवलाख उंबऱ्याला गेलो. फाट्यावर फ्लेक्स होता तसाच. उन्हानं पार विटलाय. मी बघतच राहिलो, कारण वल्लरीनं उतरवायला सांगितल्याचं मला ठाऊक होतं. अंबाजी पारावर बसला होता, त्याचा शेजारी बाजीराव आणि आणखी चारजण होते. मी म्हटलं, "अंबाजी, निवड झाली रे पोरीची."

तो म्हणाला, "आता खरी झाली व्हय?"

मी म्हटलं, "म्हणजे तुला माहीत होतं?"

"आमाला समद्यास्नी ठावं व्हतं भाऊ. वल्लरीताईनं फोन केलता न्हवं. पप्पू शिडी लावून वर चढलाबी व्हता. पर बाजीराव म्हनला, आपुनच उतरवला तर पोरगी हरली असं आपुनच सांगितल्यावानी व्हईल. तितं ती लडतीया आन् हितं आपुन कच खायाची व्हय? मंग ऱ्हाऊ दिला. वळवाच्या वाऱ्यात दोनदा फाटला, दोनदा बांधला. कुनी इचारलं तर आमी म्हनायचो, व्हय, झाली निवड."

अरू, मी इतके दिवस दार लावून बसलो होतो, की गावाला तोंड कसं दाखवू. आणि गाव तिकडे तारेनं फ्लेक्स बांधत होतं. मला भर पारावर रडू आलं. अगदी हुंदके देऊन. कोणी हसलं नाही.

बाजीरावानं सरकून मला जागा करून दिली. अंबाजी म्हणाला, "आता बसा आन् पयल्यापास्नं सांगा समदं. जत्रंतलं ते खरं न्हवतं. आमी आजच ऐकतुया."

मग मी बसलो आणि सांगितलं.

तुझा,
काका